मुखदुर्गंधी : ज्याची त्यालाच न कळणारी व्याधी

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी विषयांची वाटणी झाली, त्या बैठकीत मी उपस्थित होतो. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी, नेत्रदान हे विषय निष्णात डॉक्टरांकडे गेले. मी हात वर करून म्हणालो, की मला मुखदुर्गंधीवर बोलावयाचे आहे. क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग दोघे-तिघे हसले आणि एका विश्वस्तांनी, मला वाटते अजाणताच, रुमाल तोंडाशी नेला. त्या हसण्यात आणि त्या रुमालात या विषयाची निम्मी अडचण आली. ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो, मूळव्याधीविषयीही जवळच्या मित्रापाशी बोलतो; परंतु तोंडाला वास येतो हे ना ज्याला येतो तो सांगत, ना ज्याला सोसावा लागतो तो सांगत.

मी डॉक्टर नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करतो. बी. कॉम. होऊन वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, त्यास आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आज जे सांगणार आहे, त्यांपैकी काही आपल्या दवाखान्यातील दंतवैद्य डॉक्टरबाईंनी समजावून दिलेले, काही नंतर कुतूहलाने वाचलेले आणि उरलेले स्वतः भोगलेले आहे. भाषणाचा मसुदा बाईंनी तपासून दिला आहे. त्यातूनही चूक राहिली असेल तर ती माझी.

कापडाच्या धंद्यात डोळ्यांइतकेच नाकही लागते. धागा सुती की कृत्रिम अशी शंका आली, की आम्ही दोन-चार तंतू काढून त्यांना काडी लावतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते आणि लोकर जाळली तर केस जळल्यासारखा उग्र दर्प सुटतो. नव्या ताग्याचा खळीचा वास, पावसाळ्यात ओल लागलेल्या गाठींचा कुबट वास, हे सर्व ज्या नाकाला दारातूनच कळत होते, त्या माझ्या नाकाला त्याच्याखाली दोन बोटांवर असलेल्या तोंडाचा वास कित्येक वर्षे कळला नाही.

यात नवल असे काही नाही. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते आणि त्याची दखल घेणे सोडून देते. हिंगाच्या व्यापाऱ्याला हिंगाचा वास येत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून ही व्याधी ज्याची त्याला कळत नाही आणि ज्यांना कळते ते सौजन्यापोटी गप्प बसतात.

आता एक घटना सांगतो. ती सांगण्यासाठीच मी हा विषय मागून घेतला.

२०१४ साली आमच्या दुकानात साड्यांच्या काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा कामास होता. खेड्यातून आलेला, हुशार, हिशेबास चोख. साडी उलगडून पदर दाखवण्याची त्याची हातोटी अशी, की गिऱ्हाईक एक साडी घ्यायला आले तर दोन घेऊन जाई. परंतु त्याच्या तोंडाला वास येत असे. साडी दाखविताना तो पुढे वाकला, की बायका मागे सरत. एखादी पदर नाकाशी नेई. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी मला बाजूला घेऊन सांगितले. पुढच्याच आठवड्यात मी त्याची बदली गोदामात केली. काउंटरवरील विक्रीमागे मिळणारे त्याचे कमिशन त्यामुळे बुडाले. कारण मी सांगितले नाही. सांगितले तर त्याला वाईट वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चार महिन्यांनी तो काम सोडून गेला. त्याचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

२०२० साली करोनाच्या साथीत आपण सर्वांनी मास्क लावले. टाळेबंदी शिथिल होऊन दुकान उघडले, तेव्हा दिवसभर मास्क लावून बसताना मला एक कुजकट वास जाणवू लागला. मला प्रथम वाटले, की कापडाला नीट न धुतलेली खळ असेल. दुसरा मास्क आणला. वास तोच. मग दुकानातली चांगली मलमल काढून, दोन पाण्यांतून धुऊन, शिंप्याकडून चार मास्क शिवून घेतले. तरी वास तोच. आपल्यांत सामायिकाच्या वेळी मुहपत्ती बांधतात, तेव्हा हे का कळले नाही, असे कोणी विचारील. मुहपत्ती तोंडावर असते, नाक मोकळे राहते. नाक आणि तोंड एका कापडाखाली आले ते मास्कमुळे.

रात्री घरी पत्नीला विचारले, "माझ्या तोंडाला वास येतो का?" ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबवून म्हणाली, "आज विचारताय?" मी विचारले, "किती दिवसांपासून?" तर म्हणाली, "दिवस कसले, सात-आठ वर्षं झाली." मी रागावून म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस?" त्यावर ती जे बोलली ते आजही जसेच्या तसे लक्षात आहे. "अहो, त्या मुलाला तुम्ही गोदामात पाठवलंत ना, तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही त्याच्याबद्दल ज्या तऱ्हेने बोलत होतात ते ऐकलं, आणि नाही सांगितलं."

सात-आठ वर्षे मागे मोजली, तर २०१२-१३ साल येते. म्हणजे त्या मुलाला मी काउंटरवरून हलविले, त्या वेळी गादीवर बसलेला मालकही त्याच व्याधीचा धनी होता. फरक एवढाच, की मालकाची बदली गोदामात करणारे कोणी नव्हते.

यानंतर मी जे केले ते बहुतेक लोक करतात. मी पोटाच्या मागे लागलो. तोंडाला वास येतो म्हणजे पोट साफ नाही, पित्त आहे, अशी आपली पिढीजात समजूत. दोन वर्षे रात्री चूर्ण घेतले. सकाळी कोमट पाणी, दुपारी ताक, जेवणानंतर बडीशेप आणि ओवा. शेवटी पोटाची दुर्बिणीतून तपासणीही करून घेतली. जठर स्वच्छ निघाले. पोटाच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले, की अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आली, आंबट पाणी वर आले, तर तेवढ्यापुरता वास येईल, परंतु दिवसभर येणारा वास पोटातून येणे विरळा. मी ते ऐकले आणि घरी येऊन पुन्हा चूर्णच घेतले.

२०२२ साली आपल्या ट्रस्टचे दंतचिकित्सा शिबिर झाले. उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी 'पहिला रुग्ण' म्हणून मला खुर्चीत बसविले. फोटो निघाला, मी उठू लागलो, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "शेठजी, बसलाच आहात तर 'आ' करा." त्यांनी हिरडीच्या कडेने एक बारीक सळई फिरविली. जागोजागी रक्त आले. मग त्यांनी जिभेच्या मागच्या भागावरून गॉजचा तुकडा फिरवून मला दाखविला. तो पिवळा झाला होता. आणि हळूच विचारले, "अलीकडे साखर तपासली होती का?" तपासली नव्हती. दुसऱ्या दिवशी तपासली, तर उपाशीपोटी २१० निघाली. मला मधुमेह आहे, हे मला दातांच्या खुर्चीत कळले.

हिरड्यांचा विकार आणि मधुमेह यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांची सूज लवकर वाढते. आणि हिरड्यांत जुनी सूज मुरलेली असली की साखर आटोक्यात येणे अवघड जाते. हिरडी दातापासून सुटून खोल कप्पे तयार होतात, त्यांत कीटण साचते, घासताना रक्त येते, पुढे दात हलू लागतात. जुनी माणसे ज्याला पायोरिया म्हणत, तो हाच. तो दुखत नाही. म्हणून कोणी दंतवैद्याकडे जात नाही.

आता वास मुळात येतो कसा ते पाहू. आपल्या तोंडात अगणित जिवाणू नांदतात. त्यांपैकी काही प्राणवायू न पोहोचणाऱ्या जागी वाढतात. अशा जागा मुख्यतः दोन : जिभेचा अगदी मागचा भाग, जेथे आपली घासणी सहसा पोहोचत नाही, आणि दात व हिरडी यांमधील फट. अन्नाचे कण, तोंडातील गळून पडलेल्या पेशी, रक्त, नाकातून घशात उतरणारा कफ यांतील प्रथिने हे जिवाणू कुजवितात. ज्या प्रथिनांत गंधक असते ती कुजली, की हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे वायू सुटतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना सडक्या अंड्याचा आणि कुजक्या कोबीचा वास म्हणतात. पहिल्याचा आपणांस अनुभव नाही, म्हणून तुंबलेल्या गटाराचा वास म्हणू. लोकर जळताना येणाऱ्या दर्पातही प्रथिनांमधील गंधकाचा वाटा असतोच. तो दर्प ओळखण्यात मी आयुष्य घालविले, हे डॉक्टरबाईंना सांगितले तेव्हा त्याही हसल्या.

या जिवाणूंना आवर घालते ती लाळ. दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो. ती तोंड धुते, प्राणवायू पोहोचविते. झोपेत ती अगदी कमी होते. म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो. तो रोग नव्हे. दात घासले, चूळ भरली, न्याहारी झाली की जातो. उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, फार वेळ बोलणे, तोंड उघडे ठेवून घोरणे यांनीही तोंड कोरडे पडून तसाच वास येतो. वयोमानाप्रमाणे आपण ज्या गोळ्या घेतो, त्यांपैकी पुष्कळशा तोंड कोरडे करतात : सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या, रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या. गोळी परस्पर बंद करू नये, परंतु तोंड सुकते हे डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे.

बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या रुग्णालयात केवळ याच तक्रारीसाठी स्वतंत्र दवाखाना चालतो. तेथे आलेल्या २,००० रुग्णांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत मूळ तोंडातच सापडले, आणि शंभरांपैकी ४३ जणांत तर जिभेवरील थर एवढेच कारण होते. ज्या पोटामागे मी दोन वर्षे घालविली, त्याचा वाटा अगदी किरकोळ. ही आकडेवारी वाचली तेव्हा मला चूर्णाच्या डब्यांचा हिशेब आठवला.

त्या आकड्यांत आणखी एक आकडा आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शंभरांपैकी सुमारे १६ जणांच्या तोंडाला लक्षात येण्याजोगा वास नव्हताच. त्यांना तसे वाटत होते, एवढेच. मियाझाकी आणि याएगाकी या जपानी तज्ज्ञांनी १९९९-२००० च्या सुमारास या व्याधीची जी वर्गवारी मांडली, तीत म्हणूनच तीन खाती आहेत. पहिले, वास खरोखर येणारे. त्यात सकाळचा नैसर्गिक वास आणि रोगामुळे येणारा वास असे दोन पोटविभाग. दुसरे, वास नसताना तो येतो असे वाटणारे, पण तपासून समजावून सांगितले की ज्यांचे समाधान होते ते. तिसरे, कितीही सांगितले तरी ज्यांच्या मनातून भीती जात नाही ते. या तिसऱ्यांना दंतवैद्याइतकीच मानसोपचार तज्ज्ञाची गरज असते. आमच्या नात्यात एक मुलगी हात तोंडापुढे धरल्याशिवाय बोलत नसे. महाविद्यालयात पहिल्या बाकावर बसणे तिने सोडले, लग्नाची बोलणी दोनदा तिनेच मोडली. घरचे म्हणत, लाजाळू आहे. तिच्या तोंडाला कधीही वास नव्हता. लहानपणी वर्गात कोणी तरी एकदा चिडविले होते. वेळेवर योग्य डॉक्टर मिळाले आणि आज ती मोकळेपणाने वावरते. परंतु तिची ऐन उमेदीची पाच-सहा वर्षे त्यात गेली.

या भीतीवर व्यापारही चांगला चालतो, हे व्यापारी या नात्याने मी सांगू शकतो. लिस्टरीन हे औषध १८७९ साली अमेरिकेत जंतुनाशक म्हणून निघाले. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याला नाव दिले. त्याचा खप खऱ्या अर्थाने वाढला तो १९२० नंतरच्या दशकात, जेव्हा कंपनीने 'हॅलिटोसिस' हा भारदस्त शब्द जाहिरातींत आणला. तोंडाच्या वासामुळे लग्न जमत नाही, मित्र दुरावतात आणि कोणी सांगत नाही, असा त्या जाहिरातींचा रोख असे. माल तोच, गिऱ्हाईक नवे. औषध वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. भीती विकणे सोपे असते, एवढेच.

तोंडाबाहेरच्या कारणांकडे थोडक्यात वळतो. जुनाट सर्दी आणि सायनसचा विकार, टॉन्सिलच्या खळग्यांत साचणारे पांढरे खडे, फुप्फुसातील जुना पू, ही काही कारणे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास व स्राव येत असेल, तर त्याने मणी, खडूचा तुकडा, वाटाणा असे काही नाकात घातले आहे काय, हे आधी पाहावे. घरी काढू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. तंबाखू, मिश्री, गुटखा यांविषयी येथे जमलेल्यांना सांगण्याची गरज नसावी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी तो खाणारे आपण पाहतो. तंबाखूचा वास निराळा असतोच; त्याहून वाईट म्हणजे तंबाखूने हिरड्यांचा रोग वाढतो आणि रक्त येणे मात्र कमी दिसते, त्यामुळे रोग झाकला जातो.

काही वास रक्तातून फुप्फुसात आणि तेथून श्वासात येतात. लसणाचा वास त्यांतला. कितीही चुळा भरल्या तरी तो जात नाही, कारण त्यातील एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात उतरलेले असते. आपण कांदा-लसूण खात नाही, म्हणून आपल्या तोंडाला वास येत नाही, अशी एक गोड समजूत आपल्या समाजात आहे. मीही त्याच समजुतीत होतो. जिभेवरच्या जिवाणूंना लसूण लागत नाही. दूध, ताक, डाळ त्यांना पुरते.

येथे उपवासाविषयी बोलले पाहिजे. अठ्ठाई किंवा मासक्षमण करणाऱ्यांच्या जवळ गेले, की एक विशिष्ट वास येतो. त्याची कारणे दोन. अन्न चावणे थांबल्याने लाळ कमी होऊन तोंड सुकते, आणि शरीर साठविलेली चरबी जाळू लागते, त्यातून ॲसिटोन नावाचे द्रव्य श्वासातून बाहेर पडते. त्याचा वास काहीसा पिकल्या फळासारखा, काहीसा नखांचे रंग काढण्याच्या द्रवासारखा असतो. पारणे झाले, की दोन-चार दिवसांत तो जातो. तपस्वी व्यक्तीजवळ बसून कोणी नाक मुरडू नये आणि घरच्यांनी त्याची चिंताही करू नये.

परंतु मधुमेही व्यक्तीच्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याच्या श्वासाला हाच फळासारखा वास आला, त्यासोबत उलट्या, पोटदुखी, धाप, ग्लानी दिसली, तर तो तपाचा वास म्हणून सोडून देऊ नये. इन्सुलिन अपुरे पडल्याने रक्तात आम्ल साचल्याची ती खूण असू शकते, आणि तास-दोन तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. मला मधुमेह असल्याचे कळल्यावर मी स्वतः अठ्ठाई सोडून एकासणे करू लागलो, तेही गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घेऊन. मूत्रपिंडे निकामी होत आली तर श्वासाला अमोनियाचा, लघवीसारखा वास येतो. यकृत फार बिघडले तर गोडसर, कुबट वास येतो. तोवर रोग बराच पुढे गेलेला असतो आणि इतर लक्षणेही दिसू लागलेली असतात. म्हणून साध्या वासाने घाबरून कोणी मूत्रपिंडाच्या तपासण्या करीत सुटू नये. आधी जीभ पाहावी.

स्वतःचा वास स्वतःला कळण्याच्या युक्त्या आहेत. मनगट जिभेने ओले करावे, दहा सेकंद वाळू द्यावे आणि हुंगावे. किंवा चमच्याच्या उलट्या बाजूने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडून त्याचा वास घ्यावा. तोंडापुढे ओंजळ धरून फुंकण्याचा काही उपयोग नाही. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे घरच्या एका माणसाला विचारणे. दवाखान्यांत गंधकाचे वायू मोजणारी यंत्रे असतात, परंतु अनुभवी डॉक्टर आजही स्वतःच्या नाकानेच तपासतात आणि शून्य ते पाच असे गुण देतात. मला चार मिळाले होते. बी. कॉम.च्या परीक्षेनंतर इतके लक्षात राहिलेले गुण दुसरे नाहीत.

उपाय साधे आहेत, म्हणूनच ते होत नाहीत. जीभ रोज मागून पुढे हलक्या हाताने स्वच्छ करणे हा पहिला. चरकसंहितेत सोने, चांदी, तांबे, कथील, पितळ यांच्या जीभ खरवडण्याच्या पट्ट्या सांगितल्या आहेत आणि दंतधावनही दोन वेळा सांगितले आहे. आपल्याकडे तांब्याची पट्टी घरोघर होती. ती अडगळीत गेली आणि तिच्या जागी मुखवासाची डबी आली. रात्री झोपताना दात घासणे सकाळच्याहून अधिक महत्त्वाचे, कारण रात्री लाळेचा पहारा नसतो. दोन दातांमधील फटीत दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा. आयुष्यभर दोरे मोजूनही हा दोरा मला साठीनंतर भेटला. कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. हिरड्यांतून रक्त येत असेल तर घासणे बंद न करता दंतवैद्याकडे कीटण काढून घ्यावे. त्याने दात ढिले होतात ही समजूत खरी नाही. कीटणाने झाकलेला ढिलेपणा उघडा पडतो, एवढेच. लवंग, वेलची, बडीशेप घ्यावी, परंतु ती अत्तरासारखी. अत्तराने सदरा धुतला जात नाही. गुळण्यांची तीव्र औषधे डॉक्टरांनी सांगितली तितकेच दिवस वापरावी. काहींनी दात डागाळतात, चव बिघडते, आणि मद्यार्क असलेल्यांनी तोंड आणखी सुकते.

चार बैठकांत माझ्या हिरड्यांची खोलवर सफाई झाली. साखर औषधाने आटोक्यात आली. दोन-अडीच महिन्यांनी पत्नीने, मी न विचारता, सांगितले, "आता येत नाही."

त्यानंतर मी त्या मुलाचा शोध घेतला. आमच्या दिवाणजींकडे त्याच्या गावच्या शेजाऱ्याचा फोन नंबर निघाला. मुलगा सुरतेस एका कापड पेढीत विक्रीच्या कामावर होता. फोनवर ओळख दिली तर गप्पच झाला. मी त्याला सर्व सांगितले : गोदामात का पाठविले, कारण का सांगितले नाही, आणि पुढे माझे स्वतःचे काय निघाले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शेठ, मला वाटलं होतं तुम्हांला गल्ल्यात काही कमी-जास्त सापडलं. मी चोर आहे असं तुम्हांला वाटतं, असंच मी धरून चाललो होतो. वडिलांनाही तोंड दाखवायला जड गेलं."

आठ वर्षे तो हे ओझे वाहत होता. ज्या एका वाक्याने त्याला थोडा वेळ वाईट वाटले असते, ते वाक्य मी त्याला वाईट वाटू नये म्हणून गिळले आणि त्याच्या पदरी चोरीचा संशय टाकला. मी क्षमा मागितली. दर संवत्सरीला आपण शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, आता फोनवर संदेशही पाठवतो; परंतु ज्याला म्हणावयाचे होते त्याचे नाव माझ्या यादीत आठ वर्षे नव्हते. तोंडाच्या वासाचे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, की सुरतेच्या मालकांनी पहिल्याच महिन्यात त्याला एकट्याला बोलावून स्पष्ट सांगितले आणि दंतवैद्याकडे पाठविले. दोन अक्कलदाढा किडलेल्या होत्या. त्या काढल्या आणि काम झाले.

सांगावे कसे, असे पुष्कळांनी मला यापूर्वीही विचारले आहे. चारचौघांत नाही, विनोदाने नाही, आणि लवंग पुढे करून सूचकपणे तर नाहीच. माझ्यापुढे लोक वर्षानुवर्षे वेलची करीत होते आणि मी त्यांचे प्रेम समजून खात होतो. एकांतात, एका वाक्यात सांगावे आणि लगेच दंतवैद्याचे नाव द्यावे. 'मलाही होता' असे म्हणता आले तर उत्तम. तसे म्हणणारा कोणी हवा असेल, तर माझे नाव खुशाल सांगा.

पुढील रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत आपल्या दवाखान्यात दंत व मुखरोग तपासणी आहे. येणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळी मुखवास, लवंग, वेलची घेऊ नये, गुळण्यांचे औषध वापरू नये आणि अत्तर लावू नये, म्हणजे डॉक्टरांना खरे काय ते कळेल. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर आणावी. कवळी घरी ठेवून येऊ नये. साखरेची तपासणी त्याच ठिकाणी होईल. ज्यांना नाव नोंदविण्यास संकोच वाटतो, त्यांच्यासाठी नोंदवहीत फक्त 'दात' एवढेच लिहिले जाईल. नोंदणीच्या टेबलावर मीच बसलेला असेन.

जय जिनेंद्र.